मुलगी पहिलीत जातेय, स्कूल बस लावायची की व्हॅन, आणि नक्की काय तपासायचं?

उत्तर लांब होणार आहे, आधीच सांगते. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार, तुम्ही पुण्याजवळ मोशीला राहता, शाळा नऊ किलोमीटरवर, आत्तापर्यंत आजोबा स्कूटरवरून सोडायचे, आता त्यांना जमत नाही. म्हणून एकतर शाळेची बस, नाहीतर सोसायटीतल्या अजून काही मुलांना नेणारी व्हॅन. बसचा स्टॉप नाशिक हायवेच्या पलीकडच्या बाजूला आहे. शाळेनं सांगितलंय बसला जीपीएस आहे, सीसीटीव्ही आहे, काळजी करू नका, आणि तरी तुम्हाला झोप लागत नाही.

मी पुण्यात शाळेच्या बसवर २००५ पासून आहे. पहिली सहा वर्षं बसताई होते, म्हणजे रोज दोन खेपा मुलांबरोबर, त्यांचे डबे, उलट्या, रुसवेफुगवे सगळ्यासकट. नंतर शाळेनं ट्रान्सपोर्टचं काम दिलं आणि आज ३१ गाड्या बघते, काही शाळेच्या मालकीच्या, बाकी ठेकेदाराच्या. त्यामुळे जे लिहितेय ते बसच्या आतून बघून लिहितेय.

तुम्ही विचारलंय बस सेफ आहे का. मी या प्रश्नाचे दोन तुकडे करते. एक म्हणजे मूल सीटवर बसलेलं असताना. दुसरा म्हणजे मूल सीटवर नसताना, म्हणजे स्टॉपवर उभं आहे, पायरीवर आहे, उतरून चार पावलं गेलंय, शाळेच्या ग्राउंडमध्ये गाड्यांमधून चाललंय, किंवा झोप लागून बसमध्येच राहिलंय. पालक जवळजवळ सगळी चौकशी पहिल्या तुकड्याची करतात, स्पीड किती, सीट कशी, कॅमेरा आहे का. ते विचारायलाच पाहिजे. पण शाळेच्या वेळेला शहरात मोठी बस वीस-पंचवीसच्या वर फारशी जातच नाही, वर स्पीड गव्हर्नर, म्हणजे ठरावीक वेगाच्या पुढे गाडी जाऊ न देणारं यंत्र, असतो, गाडी उंच आणि पिवळी, लांबून दिसते. एवढ्या वर्षांत ज्या ज्या वेळी माझ्या काळजाचं पाणी झालंय त्यातल्या बहुतेक सगळ्या वेळी बस थांबलेली होती किंवा नुकतीच हलत होती.

का, ते सांगते. आमच्याकडे दर जूनमध्ये पालकसभेला मी एक बस ग्राउंडमध्ये उभी करते आणि एखाद्या बाबांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवते. मग पहिली-दुसरीची दहा मुलं बसच्या पुढे आणि डाव्या बाजूला उभी करते आणि त्या बाबांना विचारते, किती दिसतात? तीन म्हणतात, चार म्हणतात. एकदा एका बाबांना एकही दिसलं नव्हतं, त्यांची स्वतःची मुलगी बंपरला हात लावून उभी होती. त्यानंतर सभेत कुणी काही बोललंच नाही थोडा वेळ. सहा वर्षांच्या मुलाची उंची आणि ड्रायव्हरच्या सीटची उंची यांचा हिशोबच असा आहे, की बसच्या नाकासमोरचा काही फुटांचा पट्टा त्याला काचेतून दिसत नाही. मूल वाकलं, बाटली उचलायला किंवा बुटाची लेस बांधायला, तर संपलंच, अजिबात दिसत नाही. त्यासाठी पुढच्या कोपऱ्याला मोठा गोल आरसा लावतात ज्यात बंपरच्या पुढचं दिसतं. तुमच्या बसला तो आहे का बघा, आणि आहे तर तो बंपरकडे वळवलेला आहे का तेही बघा, बऱ्याच गाड्यांत तो आकाश दाखवत असतो.

दुसरी जागा मागचं डावं चाक. बस डावीकडे वळते तेव्हा पुढचं चाक जिथून जातं तिथून मागचं जात नाही, ते आत कापून येतं. मूल उतरतं, बसला चिकटून मागच्या बाजूला चालायला लागतं, ड्रायव्हर समोर बघून गाडी काढतो. २०१२ मध्ये नागपूरला एक लहान मुलगा आपल्याच स्कूल बसच्या मागच्या चाकाखाली गेला होता, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली आणि शाळांच्या परिवहन समित्या, बसची तपासणी यावर पुढे आदेश निघत राहिले. आम्ही तेव्हा आमच्या सगळ्या ड्रायव्हर आणि तायांना एकत्र बसवून ती बातमी वाचून दाखवली होती. एक जुने ड्रायव्हर काका, कधी डोळ्यात पाणी न आणणारे, उठून बाहेर गेले.

आता सिनेमात वगैरे अमेरिकेतली पिवळी बस बघून आपल्याला वाटतं की बस थांबली की रस्ता थांबतो. तिथे बसच्या बाजूनं स्टॉपची पाटी बाहेर येते, लाल दिवे लागतात आणि गाड्यांना थांबावंच लागतं, न थांबणं गुन्हा आहे. आपल्याकडे स्कूल बस थांबली की मागचा हॉर्न मारतो आणि बाइकवाला डावीकडून, म्हणजे बरोबर मुलं उतरतात त्या दारासमोरून, गाडी घालतो. म्हणून मी नियम असा केलाय की आमचं मूल बसच्या पुढून किंवा मागून एकट्यानं रस्ता ओलांडतच नाही, चौथीपर्यंत तर नाहीच. मुलं उतरायच्या आधी ताई खाली उतरते, मागे बघते, हात आडवा करून बाइक थांबवते, मग मूल उतरतं. आधी ताई, मग मूल. चढताना उलटं, सगळी मुलं आत, शेवटी ताई. तुम्ही दोन दिवस नुसतं लांब उभं राहून बघा तुमच्या बसची ताई असं करते की आत उभी राहून "चला चला पटकन उतरा" करते. एवढ्या एका गोष्टीवरून मला त्या शाळेच्या बसबद्दल बरंचसं कळतं.

म्हणून तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला ते हायवेच्या पलीकडच्या स्टॉपचं वाटलं, जे तुम्ही सहज लिहून गेलात. जीपीएस आणि कॅमेऱ्याच्या आधी हे सोडवा. शाळेत जा, ट्रान्सपोर्ट बघणाऱ्या माणसाला भेटा आणि सांगा की स्टॉप आमच्या बाजूला पाहिजे. ते म्हणतील रूट ठरलेला आहे. पण बहुतेक रूट गोल असतात, आणि गोल रूट उलटा फिरवता येतो, सकाळी एका दिशेनं आणि दुपारी दुसऱ्या दिशेनं. आम्ही दोन रूटवर असं केलंय, सात-आठ मिनिटं वाढली, डिझेल थोडं वाढलं, पण अकरा मुलांचं हायवे ओलांडणं संपलं. नाहीच जमलं तर बस पुढच्या चौकातून फिरून सर्व्हिस रोडला किंवा सोसायटीच्या गेटशी येऊ शकते का विचारा. सगळीकडे होतंच असं नाही, गल्ली अरुंद असेल तर मोठी बस आत घेणं आणि मग रिव्हर्स घेणं हे आणखी वाईट, तिथे मीच नको म्हणते. मग एकच पर्याय, घरातलं मोठं माणूस पलीकडे जाऊन उभं राहणार, रोज, आणि मुलीचा हात म्हणजे मनगट धरून आणणार. बोट धरून नाही, बोट सुटतं.

आजोबा घ्यायला जाणार असतील तर त्यांनाही एक गोष्ट सांगा, की अलीकडच्या बाजूला उभं राहून नातीला हाक मारायची नाही. ही चूक खूप घरांत होते आणि प्रेमापोटी होते. मूल आपलं माणूस दिसलं की धावतं, त्याला मधला रस्ता दिसतच नाही.

हँडओव्हरचं, म्हणजे मूल घरच्यांच्या हातात देण्याचं बोलते, कारण त्यात पालक आणि आम्ही दोघंही चुकतो. आमच्याकडे चौथीपर्यंतचं मूल कार्ड दाखवणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात दिलं जातं, कार्डावर तीन जणांचे फोटो असतात, त्यातलं कुणी नसेल तर मूल खाली उतरत नाही. वॉचमन ओळखीचा आहे, समोरच्या वहिनी घेतील, मुलाचीच पाचवीतली बहीण आहे ना बरोबर, यातलं काही चालत नाही. मूल बसमध्येच राहतं, रूट संपल्यावर परत शाळेत येतं आणि पालकांना शाळेत येऊन न्यावं लागतं. यावरून मी खूप शिव्या खाल्ल्यात. एक आई तीन मिनिटं उशिरा आली आणि मूल परत शाळेत गेलं म्हणून माझ्यावर तासभर ओरडली, मी ऐकून घेतलं, कारण तिच्या जागी मी असते तर मलाही राग आला असता. पण ज्या शाळेत हा नियम ताई आणि पालक मिळून वाकवतात तिथे एक दिवस मूल रस्त्यावर एकटं उभं राहतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या शाळेला विचारा, "मी स्टॉपवर नसले तर तुम्ही काय करता?" उत्तर पटकन आणि ठाम आलं पाहिजे. "बघू, ॲडजस्ट करतो, आपलेच लोक आहेत" असं उत्तर आलं तर ते काळजीचं.

आता झोपलेल्या मुलाचं. हे सांगताना मला अजून त्रास होतो. २०१० ची गोष्ट, तेव्हा मी ताई होते, दुसऱ्या एका शाळेत. सकाळची खेप, पावसाळा, काचा बंद, मुलं उतरली, मी बॅगा काढून दिल्या आणि एका मुलाला उलटी झाली म्हणून त्याला धरून ऑफिसात घेऊन गेले. बस मागच्या शेडमध्ये लागली. साधारण अर्ध्या तासानं ज्युनियर केजीच्या बाईंनी विचारलं, अमुक आज आला नाही का? आला होता की. मी शेडकडे पळाले तेव्हा तो मागून दुसऱ्या सीटच्या खाली, रडून रडून थकलेला. त्याला काही झालं नाही, देवाची कृपा आणि पावसाळ्याची. हेच एप्रिलमध्ये झालं असतं तर काय झालं असतं हा विचार मी आजही करते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये कतारमध्ये चार वर्षांची एक भारतीय मुलगी असंच बसमध्ये राहून उन्हानं गेली, तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

त्या दिवसानंतर मी जे करायला लागले ते आता आमच्या सगळ्या गाड्यांत आहे, आणि त्याला एक रुपया लागत नाही. खेपेचं रजिस्टर शेवटच्या सीटच्या मागे दोरीनं बांधलेलं असतं. ताई आणि ड्रायव्हर दोघांनी खेप संपल्यावर तिथपर्यंत चालत जाऊन, प्रत्येक सीटच्या वर आणि खाली बघत जाऊन, सही करायची. सही पुढे बसून करताच येत नाही, चालावंच लागतं. दुसरं म्हणजे मोजणी. चढताना मोजायची, शाळेत उतरताना मोजायची, दोन आकडे जुळले पाहिजेत. आणि वर्गात गैरहजर मूल असेल तर पहिल्या तासाला शाळेतून घरी फोन गेला पाहिजे. हा फोन जातो का ते नक्की विचारा, कारण बसमधली चूक पकडायची ती शेवटची संधी असते, आणि खूप शाळांत तो मेसेज संध्याकाळी जातो.

म्हणून जीपीएसबद्दल माझं म्हणणं एवढंच, की ते असावं, पण ते बस कुठे आहे सांगतं, तुमची मुलगी कुठे आहे ते सांगत नाही. कॅमेरा असावा, ड्रायव्हर आणि तायांच्या वागण्यावर त्याचा वचक राहतो हे खरंय, पण रेकॉर्डिंग कोण बघतं आणि किती दिवस ठेवतात ते विचारा. आमच्याकडेच एका गाडीचा कॅमेरा महिनाभर बंद होता आणि कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हापासून दर सोमवारी तपासतो.

व्हॅनचं. इथे मी स्पष्ट लिहिते, पण परिस्थितीवर खूप अवलंबून आहे. चांगला व्हॅनवाला काका वाईट बसपेक्षा बरा, हे मी शाळेच्या बसवर काम करत असूनही सांगते. पाच-सहा मुलं, दारातून घेणार, दारात सोडणार, रस्ता ओलांडायचाच नाही, वर्षानुवर्षं तोच माणूस, असं असेल तर तुमच्या हायवेच्या प्रश्नावर तेच उत्तर असू शकतं. पण चार गोष्टी बघितल्याशिवाय हो म्हणू नका. पहिली, नंबरप्लेट. पिवळी पाटी काळी अक्षरं असेल तर ती व्यवसायाची गाडी. पांढरी पाटी म्हणजे खाजगी, तिनं भाड्यानं मुलं न्यायला परवानगी नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. दुसरी, फिटनेस आणि इन्शुरन्स. गाडीचा नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाका, दोन्हीच्या तारखा समोर येतात, त्यासाठी काकांना विचारायलाही नको. तिसरी, मुलं किती आणि बसतात कुठे. सीट काढून आडवे बाक टाकलेले, सीएनजीच्या टाकीवर फळी टाकून त्यावर दोघं, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी दोघं, असं दिसलं तर तिथेच विषय संपवा. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी टेस्ट करावी लागते, तिच्या पाटीवर तारीख असते, ती वाचा. चौथी, बेल्ट. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्टशिवाय नेलं तर १००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, व्हॅन छोटी आणि हलकी असते, धडकेत ती मोठ्या बससारखी मुलांना वाचवत नाही, म्हणून बेल्ट तिथे जास्त गरजेचा. आणि व्हॅनमध्ये ताई नसते. मूल उतरताना काका स्टिअरिंगवर असतो, दार मुलंच उघडतात. हा मोठा फरक आहे. काका स्वतः उतरून, फिरून येऊन दार उघडत असेल तर तो माणूस धरून ठेवा.

बसला कागदपत्रांचं काय, तर महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून वेगळे नियम आहेत. रंग पिवळा, पुढे-मागे "स्कूल बस" लिहिलेलं, प्रथमोपचार पेटी, आग विझवायचं सिलिंडर, इमर्जन्सी दार, गव्हर्नर, मुली असतील तर बाई अटेंडंट, हे सगळं त्यात येतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आरटीओकडे बसची फेरतपासणी होते, ती झाली का विचारा. पण कागद बघून थांबू नका, इमर्जन्सी दार उघडून दाखवा म्हणा. मी ठेकेदाराच्या नव्या गाड्या घेताना पहिलं हेच करते, आणि एकदा ते दार उघडेचना, कारण बाहेरून त्याला स्टेपनी बांधली होती. आम्ही वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, मुलांना मागच्या दारातून उतरायचा सराव देतो. उडी नाही मारायची, काठावर बसायचं आणि घसरायचं, खाली आठवी-नववीची दोन मुलं धरायला, दप्तर आतच सोडायचं. दप्तर सोडायला मुलांना जास्तीत जास्त समजवावं लागतं, त्यांना वाटतं आई ओरडेल. तुम्ही घरी सांगून ठेवा की नाही ओरडणार.

प्रत्येक शाळेत शालेय परिवहन समिती असायला पाहिजे, मुख्याध्यापक अध्यक्ष, त्यात पालकांचा प्रतिनिधी, पोलीस, आरटीओचे अधिकारी, आणि तिची दर तीन महिन्यांनी बैठक व्हायला पाहिजे. खूप ठिकाणी ती कागदावरच असते कारण कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा, आणि जमलं तर स्वतः त्यात जा. आमच्या समितीत एक आई आहेत ज्यांनी शाळेच्या ग्राउंडचं सगळं बदलून टाकलं. आधी घंटा झाली की मुलं पळत सुटायची आणि त्याच वेळी बस रिव्हर्समध्ये लागत असायच्या. त्यांनी म्हटलं, बस आधी लागू देत. आता घंटेच्या वीस मिनिटं आधी सगळ्या गाड्या तोंड गेटकडे करून लागतात, इंजिन बंद, मग मुलं येतात, सगळी बसली की शिट्टी, आणि मग ओळीनं गाड्या निघतात. मुलं ग्राउंडमध्ये असताना एकही चाक हलत नाही. मला वीस वर्षांत हे सुचलं नव्हतं, त्यांना महिन्याभरात सुचलं.

माणसांबद्दल. ड्रायव्हरचं लायसन्स, पोलीस व्हेरिफिकेशन हे शाळेनं करायचं, तुम्ही विचारायचं. पण मी स्वतः जास्त घाबरते ते बदली ड्रायव्हरच्या दिवसाला. रोजचा काका आजारी, ठेकेदारानं भलताच माणूस पाठवला, त्याला स्टॉप माहीत नाहीत, कुठलं मूल कुठे ते माहीत नाही, ताईनं सांगायचं आणि त्यानं ब्रेक मारायचा. आमच्याकडे बदली माणूस आला की त्याचं नाव, फोटो, नंबर रूटच्या ग्रुपवर सकाळीच जातो, आणि ताई बदली आणि ड्रायव्हरही बदली असं एकाच दिवशी होऊ द्यायचं नाही, तसं झालं तर मी स्वतः बसमध्ये बसते.

अजून एक प्रश्न जो पालक लाजून विचारत नाहीत, तो मी लिहून देते तसाच विचारा, "शेवटचं मूल उतरेपर्यंत ताई बसमध्ये असते का?" खूप रूटवर ताईचं घर वाटेत असतं आणि ती दोन स्टॉप आधी उतरून जाते, मग शेवटची एक-दोन मुलं आणि ड्रायव्हर एवढेच राहतात. ड्रायव्हर बहुतेक वेळा सज्जनच असतो, माझ्याकडचे काका मुलांवर जीव टाकतात. पण माणूस चांगला आहे या भरवशावर रूट आखायचा नसतो. सकाळी पहिलं मूल चढायच्या आधी ताई बसमध्ये, दुपारी शेवटचं मूल उतरल्यावरच ताई खाली. आणि मुलीशी रोज गप्पा मारा, बसमध्ये कुणाशेजारी बसलीस, आज कोण रडलं, काका काय म्हणाले, हसत खेळत. चौकशी वाटली तर मुलं बंद होतात. एखाद्या दिवशी अचानक "मला बसनं जायचंच नाही" सुरू झालं तर नखरे म्हणून सोडू नका, कारण बहुतेकदा मोठ्या मुलांचं चिडवणं असतं, पण कधी कधी नसतं. काहीही वावगं वाटलं तर शाळा काय म्हणेल याची वाट न बघता १०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ ला (तातडीची मदत) फोन करायचा.

आता पालकांनी काय करायचं नाही ते, रागावू नका. चालत्या बसच्या ड्रायव्हरला फोन करायचा नाही. "काका कुठपर्यंत आलात?" हा प्रश्न तीस पालकांनी विचारला तर त्यानं रस्त्याकडे कधी बघायचं? ताईला करा, नाहीतर ॲप बघा, त्यासाठीच ते आहे. आणि सकाळी वेळेच्या पाच मिनिटं आधी स्टॉपवर. "दोन मिनिटं थांबा हो, बूट घालतेय" याची किंमत पुढच्या स्टॉपवरच्या मुलांना द्यावी लागते, कारण ती दोन मिनिटं ड्रायव्हर कुठेतरी वेगात भरून काढतो. आम्ही दीड मिनिट थांबतो आणि निघतो, मागून पळत आलेल्या मुलासाठी थांबत नाही, आणि हे कठोर वाटतं, पण बसच्या मागे पळायची सवय लागलेलं मूल मला नकोय.

थोडक्यात एकदा मोजून सांगते म्हणजे शाळेत जाताना हाताशी राहील. स्टॉप आमच्या बाजूला येईल का, ताई आधी उतरते का, मी नसले तर मुलीचं काय करता, खेप संपल्यावर मागेपर्यंत कोण बघतं, वर्गात नसेल तर फोन कधी येतो, ताई शेवटपर्यंत असते का, इमर्जन्सी दार उघडून दाखवाल का. सात प्रश्न आहेत, पाचची उत्तरं नीट आली तरी मी मूल पाठवीन, पण पहिले तीन त्यात असलेच पाहिजेत.

खेड्यातल्या कुणी हे वाचत असेल तर तुमचा प्रश्न वेगळा आहे हे मला माहितीय, तिथे एसटीच, मुलींना पास किंवा सरकारच्या मानव विकास योजनेची, मुलींना शाळेत नेणारी निळी बस, आणि फाट्यावर उतरून पुढे चालत. तिथेही उतरल्यावर बस पूर्ण निघून जाईपर्यंत रस्त्याच्या कडेला थांबायचं आणि मग दोन्हीकडे बघून ओलांडायचं, हे एक जरी मुलांच्या अंगवळणी पडलं तरी खूप झालं. बसच्या आडून बाहेर येणारं मूल समोरून येणाऱ्याला दिसतच नाही.

शेवटी तुमच्या मुलीची तयारी. तोंडी सांगून सहा वर्षांच्या मुलाला काही कळत नाही, शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी तिला घेऊन स्टॉपवर जा. दप्तर, बाटली, युनिफॉर्म सगळं घालून. कडेपासून मोठी पाच पावलं मागे कुठे उभं राहायचं ती जागा दाखवा, एखादं झाड किंवा खांब ठरवा. बस पूर्ण थांबली, दार उघडलं, ताईनं हात केला की मगच पुढे. चढताना एक हात रॉडला, म्हणून हातात काही नको, सगळं पाठीवर. बाटलीचा पट्टा गळ्यात लोंबणारा असेल तर तो बदला, दप्तराचे लोंबते बंद कापून टाका, उतरताना ते दारात किंवा रॉडला अडकतात आणि मूल ओढलं जातं, हे मी डोळ्यांनी बघितलंय, ताईच्या आरड्यानं बस थांबली म्हणून निभावलं. आणि काही खाली पडलं तर, बाटली असो, डबा असो, आवडती पेन्सिल असो, वाकायचं नाही, ताईला सांगायचं. हे तिच्याकडून दहा वेळा करून घ्या, तुम्ही बस व्हा, आजोबांना ताई करा, तिला मजा येईल.

रेनकोट घेतला नसेल तर गडद निळा नको, पिवळा किंवा भगवा घ्या, आणि टोपी अशी बघा की मान वळवली की टोपीही वळेल, नाहीतर मूल बाजूला बघतं तेव्हा त्याला टोपीचं अस्तरच दिसतं. छत्री पहिलीतल्या मुलीला देऊच नका. शाळेनं स्टॉपबद्दल काय उत्तर दिलं ते इथे लिहा, सोसायटीचं गेट आणि सर्व्हिस रोड कसा आहे तेही सांगा, रूट उलटा फिरवायला कसं पटवायचं ते मी सांगते.